अंगावरून जाणे : न मोजलेल्या रक्ताचा इतिहास

नागपूरपासून साठेक किलोमीटरवर, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर काटोल आहे. संत्र्याचा मुलूख. येथील बागायतदार झाडाला ताण कधी दिला, पाणी कधी सोडले, आंबिया बहार कधी फुटला आणि मृग बहार किती लांबला हे तोंडपाठ सांगतो. अवेळी फूल आले, तर तो पाने उलटून कोळशी पाहतो, बुंध्याची माती उकरतो आणि तरीही उलगडा झाला नाही की काटोलच्याच फळ संशोधन केंद्राची वाट धरतो. अवेळी आलेले फूल हे काहीतरी बिघडल्याचे चिन्ह आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

संस्कृत भाषेने स्त्रीच्या मासिक स्रावालाही 'ऋतू' आणि 'पुष्प' हेच शब्द दिले. रजस्वलेला पुष्पवती म्हटले. पण त्याच घरातील स्त्रीचा ऋतू अवेळी आला, लांबला, थांबेनासा झाला, तर त्याची नोंद बहुधा कुठेच होत नसे. हा धागा त्या राहून गेलेल्या नोंदीविषयी आहे. त्याची मोठी प्रकरणे गडचिरोली, बार्शी आणि बीड या महाराष्ट्रातील तीन ठिकाणी घडली, आणि तिन्ही एकमेकांशिवाय नीट कळत नाहीत.

🧵

आधी भाषा पाहू. पाळीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कावळा शिवणे, बाहेरची होणे, बाजूला बसणे, अडचण असणे. यांतील जवळजवळ प्रत्येक शब्दप्रयोग स्त्रीने कुठे बसावे, कशाला शिवू नये, हे सांगतो. तिच्या शरीरात काय चालले आहे हे एकही सांगत नाही. आजारासाठी मात्र निराळे शब्द आहेत: अंगावरून जाणे, धुपणी, प्रदर. 'धुपणी' ऐकताच जमिनीची धूप आठवते. थोडथोडी माती वाहून जाते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एके दिवशी खडक उघडा पडतो. दीर्घकाळ चालणाऱ्या रक्तस्रावाने येणारा पांडुरोग अगदी असाच येतो.

प्राचीन वैद्यांना हा आजार ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 'असृग्दर' नावाने त्याचे वर्णन आहे. असृक् म्हणजे रक्त. प्रमाणाबाहेर जाणारा स्राव आणि ऋतुकाळ नसतानाही होणारा स्राव, दोन्ही त्यात येतात. चरकानेही प्रदराची स्वतंत्र चिकित्सा दिली आहे. व्याख्येपुरते बोलायचे तर किती आणि केव्हा हे दोन प्रश्न वैद्यांनी फार पूर्वीच विचारले होते. ते प्रश्न ग्रंथात राहिले, माजघरापर्यंत पोहोचले नाहीत.

माजघरात निराळाच हिशेब चाले. चार दिवस बाजूला, मग न्हाणे, मग घरात. पाचव्या दिवशीही स्राव थांबला नाही, तर पहिली चिंता सोवळ्याची, स्वयंपाक कोणी करायचा याची. गडचिरोलीच्या माडिया गोंड समाजात स्त्रिया या काळात गावाबाहेरील कुर्माघरात राहतात. येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. या प्रथांमुळे कोण रजस्वला आहे हे साऱ्या वस्तीला कळे, पण तिला किती रक्त गेले हे कोणालाच कळत नसे. जी गोष्ट इतकी उघड होती, तीच सर्वांत कमी पाहिली गेली.

पाश्चात्त्य वैद्यकालाही फार हसण्याचे कारण नाही. स्त्रीबीज नेमके कधी सुटते याचा उलगडा 1920 च्या दशकापर्यंत झालेला नव्हता. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले, की बीज पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी सुटते. अनियमित पाळीचे गूढ बरेचसे येथेच उकलते. बीज सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि त्याला गळून पडण्याची ठरलेली वेळ मिळत नाही. मग ते दोन-दोन महिने थांबते आणि कधीतरी अवेळी, तुकड्यातुकड्यांनी, पुष्कळ दिवस वाहत राहते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत हेच वारंवार घडते. म्हणून या दोन टोकांना थोडी अनियमितता स्वाभाविक मानतात. थायरॉईडचा बिघाड आणि पीसीओएस यांतही हीच साखळी तुटते.

त्याच दशकातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांवरील एका कुटुंबात रक्त न थांबण्याचा विकार होता. डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आज तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांनी तपासलेली मुलगी त्या वेळी पाच वर्षांची होती. पुढे तेराव्या वर्षी, आयुष्यातील चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने ती गेली. पहिल्याच पाळीपासून अतोनात स्राव होणाऱ्या मुलीला 'सुरुवातीला असेच असते' असे सांगून गप्प करू नये, तिच्या रक्ताची गोठण्याची क्षमता तपासावी, हा आजचा नियम अशा मुलींच्या जिवावर उभा आहे.

आता महाराष्ट्र. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हा श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी जाण्याचे कारण सांगितले होते: हिंदी स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे. 1886 मध्ये त्या पदवी घेऊन परतल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात निवर्तल्या. मुंबईचे कामा रुग्णालय त्याच दशकातले. शहरांत स्त्रियांसाठी दवाखाने उभे राहू लागले, पण पुढची जवळपास शंभर वर्षे त्यांचा रोख मुख्यतः बाळंतपणावर राहिला. स्वातंत्र्यानंतर त्यात कुटुंबनियोजनाची भर पडली. सरकारी यंत्रणेला स्त्री दिसे ती पोटात मूल असताना, किंवा पुढचे मूल टाळायचे असताना. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत तिच्या गर्भाशयाचे काय होते, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

तो रकाना विदर्भात आखला गेला.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि 1980 च्या दशकाच्या मध्यास गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू करून राहिले. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. गावातील बायका त्यांच्याशी जे बोलत, ते पाठ्यपुस्तकात नव्हते आणि शासकीय आकडेवारीत तर नव्हतेच. म्हणून त्यांनी एक साधा, पण तोवर जगात फारसा कोणी न केलेला उद्योग केला. दवाखान्यात आलेल्या रुग्ण न मोजता, गावातील स्त्रियाच तपासायच्या ठरवल्या. जिला काही होत नाही असे ती म्हणते, तिलाही.

वसा आणि अमिर्झा ही दोन गावे. 650 स्त्रिया. मुलाखत, शारीरिक तपासणी, प्रयोगशाळेतील चाचण्या. जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे सरासरी 3.6 विकार. त्यांतले सुमारे निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि पूर्वी कधीतरी स्त्रीरोगांसाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ 8 टक्के.

92 आणि 8. या दोन आकड्यांच्या मध्ये जे होते त्याला मराठीत 'अंगावर काढणे' म्हणतात. आजार अंगावरून जातो आणि बाई तो अंगावर काढते. भाषेने दोन्हीला एकच अंग दिले आहे. काहीही तक्रार नाही असे 45 टक्के स्त्रियांनी सांगितले होते, हेही त्याच अभ्यासात आहे. त्या खोटे बोलत होत्या असे नव्हे. आईला असेच होते, सासूला असेच होते, म्हणून ते बाईपणाचाच भाग वाटत होते. तक्रार करण्यासाठी आधी 'हे असे नसते' ही कल्पना लागते.

या अभ्यासाचा पडसाद गडचिरोलीपुरता राहिला नाही. 1994 च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेत जगाने लोकसंख्या-नियंत्रणाची भाषा मागे ठेवून प्रजनन आरोग्याची भाषा स्वीकारली. त्यामागील महत्त्वाच्या पुराव्यांत या दोन गावांचा अभ्यास गणला जातो.

दुसरे प्रकरण बार्शीचे. सोलापूर जिल्ह्यातील हा तालुका, त्यास लागून परांडा आणि भूम. या तीन तालुक्यांतील 346 गावांसाठी 1987 मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय तिचे घर, आणि डॉ. भगवान नेने व डॉ. कस्तुरी जयंत ही त्यामागील प्रमुख नावे.

शहरातील नोंदणीला रुग्णालयांच्या दप्तरांवर भागते. खेड्यात दप्तरच नव्हते, कारण रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता. म्हणून नोंदणीचे कर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव फिरू लागले. चावडीवर बसायचे, कोण आजारी आहे, कोण वारले, कशाने, असे विचारायचे. विचारता विचारता सांगणेही आले: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ही लक्षणे असतील तर बार्शीला या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ही सर्वांत ठळक लक्षणे.

काही वर्षांत नोंदवहीतच फरक दिसू लागला. पूर्वीपेक्षा अधिक स्त्रिया रोगाच्या आरंभीच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. 1995 मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणतेही नवे यंत्र नाही, औषध नाही. मोजायला गेलेल्या माणसांनी मोजता मोजता चार वाक्ये सांगितली, आणि त्यामुळे मोजण्याची गोष्टच बदलली. वैद्यकाच्या इतिहासात असे क्वचितच इतक्या स्वच्छपणे दिसते.

यातून पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 गट. काहींची एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींची पॅप तपासणी, काहींची व्हिनेगरमधील आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, आणि एका गटाची कोणतीच नाही. 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'ने निकाल छापला. आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात 64. आयुष्यात एकदा झालेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले होते, आणि पुढे जगभरच्या धोरणांत या निकालाचा आधार घेतला गेला.

त्या 64 मृत्यूंवरून वादही झाला, आणि तो रास्त होता. ज्यांना तपासणी दिली नाही त्या स्त्रियांना केवळ तुलनेसाठी पाहत राहणे नीतीला धरून होते काय, असा प्रश्न समीक्षकांनी विचारला. जिल्ह्यात त्या वेळी अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, हा प्रयोगाच्या बाजूचा युक्तिवाद. तो खरा आहे, आणि तरी पुरेसा वाटत नाही. आजच्या स्त्रीला मिळणारे ज्ञान या स्त्रियांच्या अंगावरून आले आहे, एवढे तरी विसरू नये.

भूम तालुक्याची सीमा बीड जिल्ह्याला लागते. सीमेपलीकडे नेमके उलटे घडत होते.

बीडचे ऊसतोड मजूर दरवर्षी दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, आणि कामावर न गेल्यास 'खाडा', म्हणजे पैसे कापले जाणे. फडात ना मोरी, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत पोटात दुखले, पांढरे गेले, अंगावरून गेले, तर बाई दवाखान्यात जाई. ती गप्प बसत नव्हती, हे येथे महत्त्वाचे. गडचिरोलीत बाई गेलीच नव्हती. बीडमध्ये ती गेली, आणि तिला अनेकदा एकच उत्तर मिळाले: पिशवी काढून टाका.

2019 मध्ये हे प्रकरण गाजले, तेव्हा राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील देशभरचे प्रमाण 3.2 टक्के होते.

'कॅन्सर होईल' हे वाक्य बार्शीत सांगितले गेले तेव्हा स्त्रिया तपासणीला आल्या. बीडमध्ये तेच वाक्य तपासणीऐवजी वापरले गेले. पाळीसह खाड्याचीही कटकट संपेल, हा हिशेब बाईच्या बाजूनेही होता. तिला निव्वळ फसवले गेलेले बाहुले समजणे तिच्यावर अन्याय आहे. मात्र तिला पुढचे कोणी सांगितले नव्हते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराची शक्यता वाढते. आणि सांधे दुखत असले तरी मोळी डोक्यावरून उतरत नाही.

अशी प्रकरणे राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधूनही पुढे आली होती. त्यांवरील 2013 च्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये दिला. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला.

अंगावरून जाते म्हणजे पिशवी काढायची, या समजाला विज्ञानाने केव्हाच मागे टाकले होते. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी जपानमध्ये ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचा शोध 1962 मध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया उताको यांच्या डोळ्यांसमोर होत्या. ही स्वस्त गोळी आज जास्त पाळीतही, फक्त स्रावाच्या दिवसांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात. संप्रेरकांचे उपचार आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे. आधी कारण मात्र शोधावे लागते. 2011 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने, फिगोने, अवेळी वा अति स्रावाच्या कारणांची नऊ गटांत मांडणी केली: मोड, स्नायूत शिरलेले अस्तर, गाठी, कर्करोग व त्याची पूर्वावस्था, रक्त न गोठणे, बीज न सुटणे, अस्तराचे दोष, औषधे किंवा साधनांचा परिणाम, आणि उरलेली. 'औषधे' या गटात महाराष्ट्राचा एक खास वाटा आहे. गौरी-गणपती आणि लग्नसराईच्या तोंडावर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घरोघरी परस्पर आणल्या जातात, आणि मग महिना-दोन महिने चक्र विस्कटते. चार दिवसांचा जुना नियम असा गोळीच्या पानात शिल्लक आहे.

फिगोच्या मापाने 24 ते 38 दिवसांनी येणारी आणि आठ दिवसांत थांबणारी पाळी सर्वसाधारण. याबाहेरचे चक्र दोन-तीन महिने सलग दिसले, पॅड वा कपडा पूर्वीपेक्षा फार लवकर भिजू लागला, मोठ्या गुठळ्या पडू लागल्या, दम लागू लागला, चेहरा पांढुरका दिसू लागला, तर तपासणी हवी. विदर्भात अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. तेथे रक्ताची ही गळती अधिकच महाग पडते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर दिसलेला एकही डाग आणि संबंधानंतरचे रक्त यांसाठी दुसऱ्या महिन्याची वाट पाहायची नसते. आणि काही प्रसंगी त्याच तासाला निघावे लागते: तासागणिक पॅड भिजत राहणे, भोवळ येणे, किंवा पाळी चुकल्यानंतर थोडे रक्त आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ. ही शेवटची खूण गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाची असू शकते. ती नलिका फुटली तर बाहेर फारसे रक्त दिसत नाही आणि पोटात मात्र साठत जाते.

काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात काय, नागपूरच्या मेडिकलमध्ये काय, डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? पुष्कळ जणी येथेच अडखळतात. काहींना पोळा आठवतो, काहींना अमावास्या. पण ज्यांच्या घरी भिंतीवर 'कालनिर्णय' आहे, 1973 पासून मराठी घरांत दुधाचा, गॅसच्या टाकीचा आणि कामवालीच्या सुट्ट्यांचा हिशेब ज्यावर लिहिला जातो ते, त्यांच्यापैकी काहींच्या पानांवर दुधाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीचे एक बारीक टिंब दिसते. घरातल्या दुसऱ्या कोणाला त्याचा अर्थ ठाऊक नसतो.